निंभाडा वाऱ्यावर ठरतो: कच्छच्या कुंभारांकडे पाच दिवस

पहिला दिवस: भूज

मुंबईहून संध्याकाळच्या गाडीने निघून दुसऱ्या दिवशी सकाळी भूजला उतरलो, एवढेच प्रवासाबद्दल सांगण्यासारखे आहे. बरोबर माझी थोरली बहीण होती. ताई पुण्यात गेली अकरा वर्षे हौसेने चिनीमातीची भांडी करते. विजेवर फिरणारे चाक, विजेची भट्टी, पिशवीतून विकत मिळणारी तयार माती आणि वर चढवायची झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, असा तिचा सारा संसार आहे. झिलईशिवाय, उघड्या आगीत भाजलेली आणि तरीही रोजच्या वापरात असणारी भांडी करणारे कुंभार तिला पाहायचे होते. मला मात्र केवळ थंडीतले कच्छ पाहायचे होते, हे प्रामाणिकपणे कबूल करते. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता आणि सकाळी आठ वाजता रिक्षात बसताना शाल अपुरी पडत होती.

दुपारी आईना महाल पाहिला. अठराव्या शतकात महाराव लखपतजींच्या काळी हा महाल रामसिंह मालम याने उभारला. ओखामंडळचा हा खलाशी समुद्रात अपघात होऊन डच जहाजाच्या हाती लागला, हॉलंडला पोहोचला आणि काच, मिनाकारी, घड्याळे व फरश्या यांची कामे शिकून परतला, असे सांगितले जाते. आरसे आणि झुंबरे पाहून लोक पुढे सरकतात, पण ताई मात्र फुवारा महालाच्या दाराशी जी खिळली ती हलेना. मधे महारावांचा चौथरा, भोवती पाण्याची जागा आणि कारंजी, आणि खाली निळ्या-पांढऱ्या फरश्या अशी त्या दालनाची रचना आहे. हॉलंडच्या डेल्फ्ट गावची निळी-पांढरी फरशी जगात प्रसिद्ध आहे आणि इथल्या फरश्या त्याच धाटणीच्या आहेत. ताई म्हणाली, "बघ, पाण्यात बसायचं, पण पाणी मातीत मुरू द्यायचं नाही. झिलईचं सगळं शास्त्र एवढंच आहे." त्या वेळी मला हे वाक्य फारसे महत्त्वाचे वाटले नव्हते.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात या महालाचा बराच भाग कोसळला आणि आज पाहायला मिळते ते त्यातून सावरलेले दालन आहे. शेजारच्या प्राग महालाच्या भिंतींवरही त्या दिवसाच्या खुणा दिसतात. भूजमध्ये कोणाशीही दहा मिनिटे बोलले की भूकंपाचा विषय निघतोच, आणि तो काढणाऱ्याचा आवाज क्षणभर तरी खाली येतो.

संध्याकाळी बाजारात दाबेली खाल्ली, आणि तिथेच ताईने या सहलीतली एकमेव चूक केली. एका दुकानाबाहेर रंगीत माठांची उतरंड लावलेली होती. त्यातला एक तांबडा, काळ्या-पांढऱ्या नक्षीचा, आरशासारखा चकाकणारा माठ तिच्या मनात भरला. दुकानदाराने तो अस्सल खावड्याचा असल्याचे शपथेवर सांगितले. "उद्या खावड्यालाच जाणार आहोत, तिथेच घेऊ," असे मी म्हणून पाहिले, परंतु अकरा वर्षे माती मळणाऱ्या माणसाला माठ कसा घ्यावा हे सांगणारी मी कोण?

दुसरा दिवस: खावडा

भूजपासून खावडा उत्तरेला सुमारे ७० किलोमीटर आहे. भूज सोडल्यावर काही वेळातच रस्ता कर्कवृत्त ओलांडतो आणि तिथे तशी पाटीही आहे. पुढे बन्नीचा सपाट गवताळ प्रदेश सुरू होतो. दोन्ही बाजूंना गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, इतकी माजली आहे की मधले गवत शोधावे लागते. मूळची परदेशातली ही काटेरी झाडे रणाचे पसरणे रोखण्यासाठी लावली गेली आणि त्यांनी बन्नीचे कुरणच गिळायला घेतले. मालधारी, म्हणजे इथले गुरे पाळणारे लोक, या झाडाला शिव्या देतात. कुंभारांचे मत निराळे आहे, पण ते पुढे येईलच. भिरंडियाऱ्याला बन्नी म्हशीच्या दुधाचा गरम मावा मिळतो. पानावर घेतलेला तो दाणेदार, तांबूस मावा संपवून आम्ही चालकाला आणखी पाच मिनिटे मागितली, ती दुसऱ्या पानासाठी.

इथे थोडी माहिती देऊन ठेवते. पांढऱ्या रणाकडे वळायचे असेल तर परवाना काढावा लागतो. हा सीमेजवळचा भाग असल्याने प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र आणि त्याच्या एक-दोन प्रती जवळ असाव्यात. खावड्याच्या पुढे मोबाइलवर फार विसंबू नये. कुंभाराच्या घरी जायचे असेल तर आधी निरोप पाठवावा. ते दुकान नसते, घर असते, आणि दुपारी तिथे माणसे जेवून पडलेली असतात.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते मुसलमान कुंभार कुटुंब पिढ्यानपिढ्या हेच काम करत आले आहे. साठी ओलांडलेले काका, त्यांची पत्नी, दोन मुलगे आणि सुना असे मोठे घर होते. त्यांच्या पत्नीला सगळे मासी म्हणत होते, म्हणून आम्हीही मासीच म्हणू लागलो. घरात कच्छी बोलली जात होती. ती गुजरातीपेक्षा सिंधीला जवळची असल्याने माझी मोडकीतोडकी गुजराती तिथे निरुपयोगी ठरली आणि बोलणे हिंदीतून झाले. बशीत ओतलेला दाट, गोड चहा आला. तो संपेपर्यंत मातीचा विषय काढायचा नाही, हे काकांनी न सांगता समजले.

चहा झाल्यावर ताईने भूजचा माठ दाखवायला आणला. काकांनी तो उचलला, बोटाच्या टिचकीने वाजवला, मग अंगठा ओला करून पोटावर घासला. ओल तशीच मण्यासारखी वर राहिली. ते काही बोलले नाहीत. त्यांनी आपल्या दाराजवळच्या साध्या तांबड्या माठावर तोच ओला अंगठा टेकवला आणि पाण्याचा ठिपका आम्ही पाहत असतानाच नाहीसा झाला. धाकटा मुलगा हसून म्हणाला, "वॉर्निश आहे, बेन. याचं नाक बंद केलंय." ताईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. जी गोष्ट ती आदल्या दिवशी फरश्यांकडे पाहून मला समजावत होती, तीच तिला माठाच्या बाबतीत सुचली नव्हती.

माठातले पाणी गार का होते, हे शाळेत सगळ्यांनीच शिकलेले असते. सच्छिद्र भिंतीतून पाणी बाहेर पाझरते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. कच्छची हवा कोरडी असल्याने तिथे हे काम झपाट्याने होते. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात तोच माठ निम्म्यानेही गार करत नाही, आणि त्यात माठाचा दोष नसतो. म्हणून भांडे घेताना ओल्या बोटाची ही परीक्षा अवश्य करावी. चकाकी डोळ्यांना बरी वाटली तरी पाण्याच्या माठाला ती शाप आहे. फुलदाणी घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

मग काम पाहिले. खावड्याच्या परिसरातल्या तळ्याच्या पात्रातून आणलेली माती अंगणाच्या कोपऱ्यात वाळलेल्या ढेकळांच्या रूपात पडली होती. ती फोडायची, भिजवायची, गाळायची आणि पायांनी तुडवायची. थोरल्या मुलाची सकाळ यातच गेली होती आणि तो ती उद्याही त्यातच घालवणार होता. काका चाकावर बसले. कच्छमध्ये त्याला चाकडो म्हणतात. मातीचा गोळा मधोमध बसल्यापासून माठाचे तोंड आणि खांदा तयार होईपर्यंत चार मिनिटेसुद्धा लागली नसतील. ताईने फोनवर वेळ लावून पाहिली आणि पुन्हा एकदा लावून पाहिली. परंतु चाकावरून उतरलेले भांडे अजून माठ नव्हते. खालचा भाग जाड, बसका आणि ओबडधोबड होता. थोडे सुकल्यावर आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने ते ठोकत ठोकत पोट गोल करायचे असते. या थापटण्याला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला. ठोकण्याचा आवाज बदलत जातो. सुरुवातीला तो ओला आणि बद्द असतो, शेवटी त्यात जरासा कोरडेपणा येतो. काका भांड्याकडे पाहत नव्हते, आमच्याशी बोलत होते आणि कानाने काम करत होते.

पाहुण्यांना नेहमी चाकच का दाखवतात, असे ताईने विचारले तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवले. ते म्हणाले, "चाक फिरतं ना, म्हणून. माती भिजताना बघायला कोण बसेल?"

दुपारी जेवायला बाजरीचे रोटले, लसणाची चटणी, बटाट्याची भाजी, गूळ आणि ताक होते. रोटला मातीच्या तावडीवर भाजलेला होता. लोखंडी तव्यापेक्षा तो सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, त्यामुळे जाड रोटला आतपर्यंत शिजतो आणि वरून करपत नाही. पीठ मळायची काथरोटही मातीचीच होती. मासींनी ती त्यांच्या लग्नाच्या वेळची असल्याचे सांगितले आणि लगेच हसून, आधीच्या दोन फुटल्या, ही तिसरी, अशी दुरुस्तीही केली.

जेवणानंतरचे दोन तास या सहलीतले सर्वांत मोलाचे होते. पुरुषांचे काम थापटण्याशी संपते आणि रंगकाम पूर्णपणे बायकांकडे जाते. वाळलेल्या भांड्यावर आधी गेरूचा पातळ हात फिरवतात. तो सुकला की पांढऱ्या आणि काळ्या रंगाची नक्षी काढतात. तिन्ही रंग माती-दगडांचेच असतात. बांबूच्या काडीचे टोक कुटून केलेला कुंचला मासींनी हातात धरला, माठ फिरत्या बैठकीवर ठेवला, डाव्या हाताने तो एकदा फिरवला आणि कुंचला जागच्या जागी स्थिर ठेवला. एका फेरीत रेषा पुरी झाली आणि तिचे शेवटचे टोक पहिल्या टोकावर बरोबर येऊन मिळाले. मग त्या रेषांमध्ये त्रिकोण, लाटा, ठिपके आणि जाळी भरत गेल्या. आखणी नव्हती, खुणा नव्हत्या, मोजमाप नव्हते. मी विचारले की त्रिकोण शेवटी कमी-जास्त पडले तर काय करता. मासी म्हणाल्या, "शेवटचा जरा जाड काढायचा. कोण मोजतंय?" मी नंतर घरी येऊन मोजले. माझ्या माठावर खरोखरच एक त्रिकोण इतरांपेक्षा जाड आहे.

सुनेने मात्र एक गोष्ट सांगितली, ती हसण्यासारखी नव्हती. माठ विकला जातो तो काकांच्या नावाने. प्रदर्शनाला शहरात जातात ते काका किंवा मुलगे, आणि टाळ्या मिळतात त्या चाकाला. खावड्याची भांडी लोक ओळखतात ती मात्र या नक्षीवरून. ताईने हळूच मला म्हटले की तिच्या पुण्याच्या वर्गात भांडे घडवणारा आणि रंगवणारा एकच असतो आणि भांड्याखाली एकच सही असते. इथे सही करायची ठरली तर किती जणांची करावी लागेल, याचा हिशेब आम्ही घालत बसलो. माती आणणारा, तुडवणारा, चाकावरचा, थापटणारा, रंगवणाऱ्या दोघी आणि आग सांभाळणारा.

आग त्याच संध्याकाळी पाहायची असे ठरले होते. परंतु चारच्या सुमाराला वारा सुटला. अंगणातली धूळ उठली, वाळत घातलेले कपडे दोरीला गुंडाळले गेले. काकांनी हात वर करून वाऱ्याची दिशा पाहिली आणि म्हणाले, "आज नाही. उद्या किंवा परवा. निंभाडा माझ्यावर नाही, वाऱ्यावर ठरतो." निंभाडा म्हणजे आपला आवा, कुंभाराची भांडी भाजायची भट्टी. आमचे परतीचे बेत ठरलेले होते, तरी आम्ही एक रात्र वाढवली. कुंभाराचे भाजकाम पाहायला येणाऱ्याने एक दिवस मोकळा ठेवूनच यावे, हे मी आता कोणालाही बजावून सांगेन.

तिसरा दिवस: धोलावीरा

वारा पडण्याची वाट पाहायचीच होती, म्हणून पहाटे धोलावीऱ्याला निघालो. पूर्वी तिथे जायला भचाऊ-रापरकडून मोठा वळसा पडत असे. आता खावड्याहून खडीर बेटाकडे जाणारा रस्ता थेट रणातून जातो आणि त्यातले सुमारे ३० किलोमीटर दोन्ही बाजूंना मिठाशिवाय काहीही नसते. धुके होते. रस्ता, मीठ आणि आकाश एकाच रंगाचे झाले होते आणि चालक दिवे लावून, एक शब्दही न बोलता गाडी हाकत होता. मधेच सूर्य वर आला तेव्हा उजवीकडचे मीठ काही क्षण गुलाबी दिसले. इथे गाडी थांबवून मिठावर फार आत चालत जाऊ नये. वरचा थर कडक दिसतो, खाली चिखल असतो. ताईचा एक बूट याची साक्ष देईल.

धोलावीरा हे हडप्पा संस्कृतीचे मोठे शहर २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. त्याचा शोध १९६० च्या दशकातला आहे आणि मोठे उत्खनन १९९० पासून र. सिं. बिश्त यांच्या देखरेखीखाली झाले. बालेकिल्ला, मधले शहर आणि खालचे शहर अशी रचना, आणि भोवती दगडात बांधलेले प्रचंड जलाशय. पूर्वेकडचा जलाशय ७० मीटरहून अधिक लांब आहे. पावसाळ्यात वाहणाऱ्या मनसर आणि मनहर या दोन ओढ्यांचे पाणी अडवून ते या शहराने साठवले. चारी बाजूंना खारे रण असताना मधे गोड्या पाण्याचे असे भांडार बांधणाऱ्या लोकांची भांडी पाहण्याची उत्सुकता आम्हाला होती.

ती तिथल्या संग्रहालयात आहेत. तांबड्यावर काळी नक्षी, उंच बैठकीच्या थाळ्या, मोठाले रांजण आणि अंगभर भोके पाडलेली उभी भांडी. या भोकांच्या भांड्यांचा नेमका उपयोग काय, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. आमच्यासोबतच्या वाटाड्याने मात्र तांबड्या भांड्यावरची काळी रेषा दाखवून ठामपणे सांगितले की खावड्याच्या बायका हीच नक्षी पाच हजार वर्षे काढत आल्या आहेत. असे वाक्य ऐकायला छान वाटते. माझा त्यावर विश्वास नाही. मधे काही हजार वर्षे, कित्येक स्थलांतरे आणि धर्म गेले आहेत, आणि तांबड्या मातीवर काळी रेषा काढण्याची कल्पना जगात अनेक ठिकाणी अनेकांना सुचली आहे. मासींच्या हाताला मोठेपण देण्यासाठी हडप्पाची गरज नाही. ताईचे म्हणणे थोडे निराळे होते. परंपरा अखंड नसेल, पण अडचण अखंड आहे, असे ती म्हणाली. खाऱ्या मुलखात गोडे पाणी ठेवायला भांडे हवे, आणि हाताशी आहे ती माती.

आवारात चालताना पायाखाली खापरे येतात. एकही उचलू नये. तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी उचलू नये. पाणी आणि खाणे बरोबर न्यावे, टोपी न्यावी, आणि दुपारी बाराच्या आत पाहून व्हावे. आम्ही दीडला निघालो तेव्हा फेब्रुवारी असूनही डोके तापले होते.

परतताना वारा पडलेला होता. खावड्याच्या अलीकडेच धाकट्या मुलाचा फोन लागला. एवढेच म्हणाला, "रचायला घेतलंय. या."

तिसऱ्या दिवसाची रात्र आणि चौथा दिवस: निंभाडा

आम्ही पोहोचलो तेव्हा निम्मी रचना झाली होती. उथळ खड्ड्यात शेणी आणि गांडा बावळीची लाकडे अंथरून त्यावर मोठे माठ पालथे घालत होते. मोठ्यांच्या मधल्या पोकळीत कुंजे, वाट्या, झाकण्या बसत होत्या. कोणते भांडे कुठे जाणार हे ठरवण्याचे काम मासींचे होते, हे मला अनपेक्षित होते. त्या खाटेवर बसून बोटाने दाखवत होत्या आणि दोन्ही मुलगे निमूटपणे तसे ठेवत होते. वरून पुन्हा काटक्या, शेणी, आणि सर्वांत वर फुटक्या माठांच्या खापरांचे आच्छादन. मागच्या वेळी फुटलेला माठ या वेळच्या माठाला उबदार ठेवतो. काकांनी गांडा बावळीची एक फांदी दाखवली आणि म्हणाले की मालधाऱ्यांचा हा शत्रू आमच्यासाठी फुकटची लाकूडवखार आहे. त्याचे जळण कडक, धग टिकाऊ, आणि तोडले तरी पुन्हा वाढते.

दिवस मावळल्यावर आग लावली. काळोख होण्याची वाट पाहण्याचे कारण मला आधी समजले नाही. सुरुवातीला नुसता धूर येत होता, पांढरा आणि ओलसर. ताईने सांगितले की हे भांड्यांत उरलेले पाणी बाहेर पडते आहे आणि या वेळी आग घाईने वाढवली तर भांडे आतल्या वाफेने फुटते. काकांनी तासाभराहून अधिक वेळ आग तशीच रेंगाळत ठेवली. मग हळूहळू जळण वाढले, आणि खापरांच्या फटींतून आत पाहिल्यावर काळोखात एक मंद, गडद लाल रंग दिसू लागला. दिवसाउजेडी तो रंग दिसलाच नसता. काकांचे तापमापक तेच होते.

ताईच्या भट्टीवर आकडे दिसतात. तिने त्यांना सांगून पाहिले की ५७३ अंश सेल्सिअसच्या आसपास मातीतल्या गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, अंतर्रचना बदलते, ती एकदम फुगते आणि थंड होताना त्याच ठिकाणी एकदम आकसते. म्हणून तो टप्पा चढताना आणि उतरताना सावकाश ओलांडावा लागतो. काकांनी लक्ष देऊन ऐकले. मग म्हणाले की आकडा त्यांना ठाऊक नाही, पण लाल रंग मरू लागला की त्यानंतर बराच वेळ निंभाड्याला वाऱ्याचा एक झोतही लागू द्यायचा नाही, असे त्यांचे वडील सांगत. नाहीतर भांडे रडते. भांडे रडणे म्हणजे तडा जाताना होणारा तो बारीक, लांबट आवाज. ताई बराच वेळ गप्प होती. आदल्या दिवशीचा वारा आणि पुढे ढकललेला निंभाडा यांचा अर्थ तेव्हा दोघींनाही नीट उमगला.

रात्री साडेदहापर्यंत थांबलो. थंडी इतकी होती की पुढून भाजत होतो आणि पाठीमागून गारठत होतो. शेजारची मुले येऊन बसली. कोणीतरी आगीत रताळी टाकली आणि काका त्याच्यावर ओरडले, कारण निंभाडा ही चूल नव्हे. रताळी मात्र त्यांनीही खाल्ली.

सकाळी सातला पोहोचलो तर अजून उघडायची परवानगी नव्हती. राखेवर हात धरून काका बसले होते. साडेनऊला पहिली खापरे काढली. प्रत्येक भांडे बाहेर आले की मासी ते फडक्याने पुसून टिचकी मारत. स्वच्छ, घंटेसारखा नाद आला की उजवीकडे, बद्द आला की डावीकडे. सुमारे शंभर भांड्यांपैकी नऊ डावीकडे गेली. हे चांगले की वाईट, असे मी विचारले. "वारा नव्हता म्हणून नऊ," त्या म्हणाल्या. ज्या माठांवर एका अंगाला धुराचा काळा डाग पडला होता, ते त्यांनी थोडे वेगळे ठेवले. शहरातले गिऱ्हाईक डागाचा माठ घेत नाही, असे सून म्हणाली. आगीत जिथे हवा कमी पोहोचते तिथे असा काळेपणा येतो आणि त्याने माठाच्या कामात काहीही उणे होत नाही. आम्ही दोघींनी डागाचेच माठ निवडले, त्याशिवाय एक उंच मानेचा कुंजा आणि एक तावडी घेतली. किमतीची घासाघीस केली नाही. तीन दिवस त्यांचे काम डोळ्यांनी पाहिल्यावर ती करायला तोंडच उरले नव्हते.

भांडी नेण्याबद्दल दोन गोष्टी सांगते. वर्तमानपत्रापेक्षा जुने सुती कपडे आणि गवत अधिक उपयोगी पडते. माठात माठ न घालता प्रत्येकाच्या आत कपडे कोंबावेत म्हणजे पोट आतूनही सांभाळले जाते. आणि रेल्वेत तो आसनाखाली न ठेवता मांडीवर किंवा वरच्या शायिकेवर ठेवावा, कारण आसनाखाली लोक पेट्या ढकलतात. घरी आल्यावर माठ धुऊन, पाण्याने भरून एक-दोन दिवस ठेवावा, ते पाणी झाडांना घालावे आणि मग वापरायला घ्यावा. तावडी पहिल्यांदा अगदी मंद आचेवर तापवावी.

निघताना मासींनी डावीकडच्या नऊ भांड्यांतली एक वाटी ताईच्या हातात ठेवली. तिला काठापासून खालपर्यंत केसासारखी तड होती. "पाणी राहणार नाही, मीठ राहील," त्या म्हणाल्या. मग "अचीजा," म्हणजे पुन्हा या.

पाचवा दिवस: कुकमा

परतीची गाडी रात्री होती, त्यामुळे दिवस मोकळा होता. भूजजवळ कुकमा गावी खमीर ही संस्था आहे. भूकंपानंतरच्या पुनर्उभारणीतून २००५ मध्ये ती सुरू झाली आणि कच्छच्या विणकर, कुंभार, चर्मकार अशा अनेक कारागिरांबरोबर काम करते. आवार शांत आहे, मातीच्या भिंतींचे आहे आणि तिथे खरेदीचा आग्रह कोणी करत नाही. मी सर्वांत जास्त वेळ मातीकामापाशी न घालवता एका मागापाशी घालवला. तिथे वापरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून त्या विणल्या जातात. खावड्याच्या काकांनी सांगितले होते की गावात माठाचे गिऱ्हाईक कमी केले ते आधी प्लास्टिकच्या कळशीने आणि मग फ्रिजने. त्यातला पहिला गुन्हेगार इथे मागावर ताणून बसवलेला पाहून मला थोडे समाधान वाटले, हे लपवत नाही.

दुपारी खिचडी-कढी जेवलो आणि रात्री गाडीत बसलो. माझा माठ माझ्या मांडीवर, ताईचा तिच्या मांडीवर आणि भूजच्या बाजारातला चकाकणारा माठ आसनाखाली, असे आम्ही आलो. आसनाखालच्या माठाला काहीही झाले नाही.

आता महिना होऊन गेला आहे. माझा माठ ओट्याच्या कोपऱ्यात तिवईवर आहे आणि त्याच्याखाली रोज सकाळी पाण्याचे एक कडे पडलेले असते, ते पुसावे लागते. ताईने पुण्यात दोन्ही माठ शेजारी ठेवून आठवडाभर आपल्या भट्टीच्या वहीत तापमानाच्या नोंदी केल्या. डागाळलेल्या माठातले पाणी दुपारी खोलीपेक्षा स्पष्टपणे गार लागते. चकाकणाऱ्यातले पाणी खोलीइतकेच असते. त्यात तिने परवा मनीप्लांट लावला. तडकलेल्या वाटीत मीठ आहे.